जीव नकोसा होतो तेव्हा नक्की काय होतं

आमच्या वाड्यावर दोन वर्षांमागे एका मुलाने जीव दिला. पंचवीस-सव्वीसचा असेल. कसा गेला ते मी लिहिणार नाहीये, त्याचं कारण पुढे सांगते. तिसऱ्या दिवशी आम्ही बायका त्याच्या घरी बसायला गेलो, सोप्याखाली चपलांचा ढीग, आत कोणी बोलत नाही, त्याची आई भिंतीला टेकून नुसती बसलेली, आणि बाहेर पडल्यावर मात्र, अजून त्यांच्या अंगणातली तुळससुद्धा मागे पडली नव्हती, तोवर बोलणं सुरू झालं. एक म्हणाली आईबापाचा तरी विचार करायचा होता. दुसरी म्हणाली पळपुटेपणा गे हा, दुसरं काय. तिसरी हळूच म्हणाली, आता गती मिळायची नाही त्याला, महापाप ते.

मी काही बोलले नाही. पण खरं सांगायचं तर वीस वर्षांपूर्वी कॉलेजात आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच गेली तेव्हा "किती सेल्फिश" हे वाक्य मीच बोलले होते, कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर, आणि तिची रूममेट माझ्या समोरच बसली होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, हायस्कुलात शिकवते. पण मध्ये आमच्या घरात एक प्रसंग आला आणि त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले, माणसांशी बोलत गेले. स्वार्थी, भित्रा, पापी हे तीन शिक्के आपण इतक्या पटकन मारतो, ते खरे आहेत का आणि त्यांनी काय होतं, हे जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते. आणि हे वाचणारं कोणी स्वतःच सध्या त्या अवस्थेत असेल तर पुढचं सगळं नंतर वाचा, आधी १४४१६ ला फोन लावा. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.

कसा गेला ते का लिहीत नाही, तर बातम्यांमध्ये असे मृत्यू गाजवून, ठळक छापून आले की त्यानंतर तसे मृत्यू वाढतात, हे १९७४ साली डेव्हिड फिलिप्स नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतले आकडे तपासून दाखवलं. आणि उलटही दिसलंय, २०१० च्या ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात, की माणूस त्या टोकाला जाऊन परत कसा आला अशा गोष्टी छापून आल्या तर त्याचा संबंध आकडे कमी होण्याशी दिसतो. तेव्हा व्हॉट्सअॅपवर फोटो आणि चिठ्ठ्या फिरवणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्या, प्लीज.

आता आधी शब्दच बघूया. आमच्याकडे गोव्यात घरात कोंकणी, लिहायला-वाचायला मराठी, देवळातलं कीर्तन मराठी, आणि दोन्ही भाषांत जीव हा शब्द सगळीकडे पसरलाय. जीव लागतो, जीव रमतो, जीव टांगणीला लागतो, कासावीस होतो, उबगतो. आणि मग एक दिवस कोणीतरी "जीव दिला" म्हणून कळतं. आत्महत्या हा शब्द पोलीस पंचनाम्यातला, त्यात हत्या आहे, म्हणजे एक मारणारा आणि एक मरणारा, आणि दोघं एकाच कातडीत, त्यामुळे शब्द उच्चारतानाच आपण निम्मा आरोप करून टाकलेला असतो. घरात आपण जास्त करून "जिवाचं बरंवाईट करून घेतलं" म्हणतो, ते निदान मऊ आहे. पण मला सगळ्यात खरा शब्द वाटतो तो "नकोसा". जीव नको झाला आणि जीव नकोसा झाला यात फरक आहे बघा. त्या "सा" मध्ये अजून निर्णय झालेला नाही, वाटणं आहे. आणि जे वाटतं ते बदलू शकतं.

एडविन श्नाइडमन नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी उभं आयुष्य याच अभ्यासात घालवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अशा माणसाला मरण हवं असतं असं नाही, त्याला आतलं दुखणं थांबायला हवं असतं, आणि ते दुखणं इतकं असह्य झालेलं असतं की थांबवायचा दुसरा रस्ताच त्याला दिसत नाही. दिसत नाही हे अगदी शब्दशः घ्या. घाण्याच्या बैलाला झापडं लावतात ना, तसं होतं. बाहेरून आपल्याला चार वाटा दिसतात, अरे नोकरी गेली तर दुसरी मिळेल, मुलगी नाही म्हणाली तर काय झालं, कर्ज काय फिटतंच, आणि आपण त्याला त्या वाटा ओरडून ओरडून सांगतो. त्याला त्या पटत नाहीत असं नाही, त्याच्या डोळ्यांपर्यंत त्या पोचतच नाहीत. डोळ्यांपुढे एकच वाट, तीही अंधारी.

आणि तरीही दोन मनं असतातच. हे जवळजवळ प्रत्येक जाणकार सांगतो. एका हाताने दार लोटून घेतलेलं असतं आणि कान मात्र बाहेर पावलं वाजतायत का याकडे असतात.

आता स्वार्थीपणाचं. टॉमस जॉइनर म्हणून दुसरे एक अभ्यासक आहेत, त्यांनी २००५ मध्ये मांडलं की या टोकाला जाणाऱ्या माणसाच्या मनात दोन गोष्टी घट्ट बसलेल्या असतात. एक म्हणजे आपण कोणाचेच नाही. आणि दुसरी म्हणजे आपण सगळ्यांवर ओझं आहोत, आपण नसलो तर घरचे सुटतील. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कॅन्टीनमधलं माझं ते वाक्य आठवलं आणि पोटात खड्डा पडला. घरच्यांचा विचारच केला नाही असं आपण म्हणतो आणि तो माणूस बहुतेक वेळा घरच्यांचाच विचार करत बसलेला असतो, फक्त तो विचार पूर्ण वाकडा झालेला असतो. घरचे सुटत नाहीत. घरचे पुढची तीस-चाळीस वर्षं एकाच दिवसाभोवती फिरत राहतात.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी दादाकडून कळलं होतं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, डिचोली तालुक्यात असतो. खाण चालू होती तेव्हा त्याने कर्ज काढून दोन ट्रक घेतले, रात्रंदिवस खाणीवरून जेटीवर फेऱ्या, लाल धुळीने पापण्यासुद्धा लाल, पण घरात पैसा होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. मग मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीझ रद्द ठरवल्यावर त्या मार्चपासून पुन्हा बंद. आमच्या भागात त्या वर्षी पावसात उभ्या ट्रकांवर वेली चढल्या होत्या. दादाच्या एका ट्रकच्या खिडकीतून वेल आत शिरून स्टेअरिंगला गुंडाळली होती, कोणी काढलीच नाही.

त्या गणपतीनंतर मी त्यांच्याकडे गेले. संध्याकाळ होती. दादा सोप्यावर बसला होता, हातात ट्रकची चावी, तिच्या कीचेनवर मंगेशाचं चित्र, अर्धं पुसट झालेलं, आणि तो अंगठ्याच्या नखाने उरलेलं चित्र खरवडत होता. वहिनीने चहा ठेवला. तो एकदम शांत होता, गेल्या वर्षभरातला सगळ्यात शांत, आणि मला आधी बरंच वाटलं की चला, सावरला. मग तो बोलता बोलता म्हणाला, घराचे कागद आणि पासबुक कपाटाच्या वरच्या खणात ठेवलंय बाय, तुला म्हाईत असूं दी. आणि भाच्याला त्याचं घड्याळ देऊन टाकलं होतं, चांगलं, लग्नातलं.

मला काही शास्त्र ठाऊक नव्हतं तेव्हा. पण अंगावर काटा आला. मी विचारलं, कसं विचारलं ते मलाही सांगता येणार नाही, आवाज फाटला होता, "दादा, तुला जगावंसं वाटत नाही असं काही होतंय का रे? जिवाचं काही करून घ्यायचं मनात येतंय का?"

तो खूप वेळ गप्प बसला. चहावर साय धरली. मग म्हणाला, "मी गेलो तर एक तोंड कमी होईल, आणि घेणेकरी दारात यायचे थांबतील."

मी त्याला एक शब्द उपदेश केला नाही, सुचलाच नाही म्हणून. म्हटलं मी आज इथेच राहते. वहिनीला आत जाऊन सांगितलं, घरात जे काही उचलून ठेवायला हवं होतं ते आम्ही दोघींनी गुपचूप उचललं, रात्री सगळे हॉलमध्येच आडवे झालो, आणि सकाळी त्याला घेऊन बांबोळीला गेलो, मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे तिथे, आयपीएचबी म्हणतात. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. ओपीडीच्या रांगेत ओळखीचं कोणी भेटेल म्हणून त्याने रुमाल तोंडावर धरला होता आणि मीही, खोटं कशाला बोलू, इकडेतिकडे बघत होते. गोळ्या सुरू झाल्या, पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही, वहिनी धीर सोडत चालली होती. नंतर हळूहळू झोप लागायला लागली. सहा महिन्यांनी केव्हातरी तोच आपण होऊन म्हणाला, "तू विचारलंस तेव्हा लाजही वाटली आणि हलकंही वाटलं. महिनाभर मी एकटाच ते डोक्यात घेऊन फिरत होतो."

म्हणून तुम्हाला सांगते, असं सरळ विचारल्याने डोक्यात नसलेली कल्पना घुसते ही भीती काढून टाका. २००५ साली अमेरिकेत दोन हजारांवर हायस्कुलातल्या मुलांवर हे तपासून बघितलं, अर्ध्यांना सरळ प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही, आणि विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही. ज्यांची मनःस्थिती आधीच वाईट होती त्यांना उलट थोडं बरंच वाटलं. आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगते तेव्हा निम्मे शिक्षक अजून मान हलवतात, की नको, मुलांसमोर विषयच नको. मुलांच्या डोक्यात विषय कधीचाच आलेला असतो हो. आपण नाही बोललो तर तो फोनवर बोलला जातो, अनोळखी माणसांशी.

आणि त्या क्षणाबद्दल अजून एक. ती वेळ टळली तर बहुतेक माणसं जगतात. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, शेवटच्या क्षणी अडवलेल्या ५१५ माणसांचा, कित्येकांना अडवून पंचवीस-तीस वर्षं झाली होती. त्यातले ९० टक्क्यांहून जास्त लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक मरणाने गेले होते. म्हणजे "ज्याला करायचं तो करणारच" हे जे आपण खांदे उडवून म्हणतो ते साफ चूक आहे. लाट असते ती. ओसरेपर्यंत कोणीतरी धरून ठेवावं लागतं, बस.

आता पापाचं बोलू, कारण गावात सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते आणि त्याची चेष्टा करून काही उपयोग नाही. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, तिथली मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या लहानपणी तिचा एक काका असा गेला. ती सांगते की इगर्जीची, म्हणजे चर्चची, घांट वाजली नाही, पाद्री आला नाही, आणि आजीने आयुष्यभर त्याच्या नावाची मेणबत्ती घरातच लपवून लावली. हे काही त्या एका पाद्रीच्या मनातलं नव्हतं. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी मांडलं होतं की "हत्या करू नकोस" या आज्ञेत स्वतःची हत्याही येते, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्याला तीन कारणं जोडली, की हे निसर्गाविरुद्ध, समाजाविरुद्ध आणि देवाविरुद्ध आहे, आणि चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून असं करणाऱ्याला धार्मिक दफन नाकारायचं असं स्पष्ट लिहिलं होतं. पण १९८३ च्या नव्या कायद्यातून ते कलम गेलं. आणि १९९२ च्या शिकवणुकीत चर्चने लिहिलं की तीव्र मानसिक त्रास, यातना, भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. ही कृती चूक आहे हे म्हणणं चर्चने सोडलेलं नाही, पण माणसावरचा निवाडा देवावर सोडला. मावशीच्या काकासाठी पुढे कधीतरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली, तेव्हा तिची आजी हयात नव्हती.

आपल्याकडे काय वेगळं आहे? आत्महत्या महापाप म्हणतोच, आणि जुन्या धर्मशास्त्रांत अशा मृतांचे संस्कार करू नयेत, सुतकही पाळू नये असं सापडतं. ईशावास्य उपनिषदाच्या तिसऱ्या मंत्रात आत्म्याचा घात करणारे अंधाराने भरलेल्या लोकांत जातात असं आहे आणि कीर्तनात ते या अर्थाने सर्रास सांगतात, पण शंकराचार्यांनी त्याचा अर्थ वेगळाच लावलाय, की ज्यांनी आपलं खरं स्वरूप ओळखलंच नाही ते सगळे आत्मघाती. म्हणजे त्या हिशोबाने तुम्हीआम्ही सगळेच आलो त्यात. आणि दुसरीकडे त्याच परंपरेने नारायणबळी ठेवलाय, अकाली आणि अपघाती गेलेल्यांसाठी, असं गेलेल्यांसाठीसुद्धा. पुढचं दार बंद करून मागचं दार मुद्दाम उघडं ठेवल्यासारखं. मला वाटतं त्या काळच्या कोणत्या तरी आईबापाने रडून रडून ते उघडायला लावलं असणार.

कोणी विचारतं, मग ज्ञानेश्वरांची समाधी काय? १२९६ साली आळंदीला वयाच्या एकविसाव्या वर्षी. पण वारकऱ्याला हा प्रश्न पडत नाही कारण त्याच्या दृष्टीने ते काम पूर्ण करून तृप्त होऊन जाणं आहे. इथे आपण बोलतोय ते आतून पूर्ण रिकाम्या झालेल्या माणसाबद्दल. तसंच असाध्य आजारात मशिनींवर किती काळ ठेवायचं हाही प्रश्न वेगळा, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्यासाठी आधीच इच्छापत्र करून ठेवायला मान्यता दिली. ते सगळं इथे मिसळू नका, गोंधळ होतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते गीतेच्या पहिल्या अध्यायाने. त्याचं नावच अर्जुनविषादयोग. म्हणजे हताश होण्याला आपल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथात अख्खा अध्याय दिलाय, आणि आपण मुलाला म्हणतो रडतोस काय बायकांसारखा. काय होतं अर्जुनाला? हातपाय गळतात, तोंड कोरडं पडतं, अंग थरथरतं, कातडी जळते, धनुष्य हातातून निसटतं, मन भिरभिरतं. आजच्या डॉक्टरला सांगितलं तर तो लगेच लिहून घेईल. आणि शेवटी तो म्हणतो की मी शस्त्र टाकून बसतो, कौरवांनी मला असंच मारलं तरी ते बरं होईल. इतका मोठा योद्धा, आणि मरण आलं तर बरं म्हणतोय! आता कृष्ण पहिल्यांदा काय करतो ते बघा. रागावतो. हा कसला दुबळेपणा, तुला शोभत नाही, उठ. अगदी आपण करतो तेच. आणि त्याचा उपयोग होत नाही. अर्जुन पुन्हा सगळं दुःख बोलून दाखवतो, मी लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. त्यानंतर खरं बोलणं सुरू होतं आणि ते अठराव्या अध्यायापर्यंत चालतं, अर्जुन शंका काढतो, मध्ये मध्ये तेच तेच विचारतो, कृष्ण उत्तरं देत राहतो. आमच्या गावात पारायणं होतात, अठरा अध्याय पाठ असलेली माणसं आहेत, पण रागावणं दोनच श्लोकांत संपलं आणि ते वाया गेलं, हे कोणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

भित्रेपणाबद्दल फार लिहीत नाही. दादा भित्रा नव्हता, वर्षभर रोज सकाळी उठून तो घेणेकऱ्यांना तोंड देत होता. कॅन्सरने हरलेल्याला आपण भित्रा म्हणत नाही. धाडस आणि भित्रेपणा हे मापच इथलं नाही, आणि उलट बाजूने "काय हिंमत लागते हो" असं कौतुकाने बोलणारेही असतात, ते तर आणखी वाईट.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण पोलीस केस होईल या भीतीने कित्येक घरं प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला लपवतात, उपचार करत नाहीत. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३०९ होतं, प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे मेला तर सुटला, वाचला तर गुन्हेगार. १९८६ मध्ये मुंबई हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं, १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच मोठ्या खंडपीठाने ते पुन्हा वैध ठरवलं. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, त्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याला उपचार आणि आधार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात ३०९ सारखं कलम ठेवलेलंच नाही. फक्त सरकारी नोकराला काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न केला तर तो गुन्हा आहे, आणि दुसऱ्याला प्रवृत्त करणं हा गुन्हा आहेच. दवाखान्यात न्यायला घाबरू नका, इतकंच सांगायचंय.

एक गोष्ट मला खटकते ती अशी, की आजकाल सगळं डिप्रेशनवर ढकलायची पद्धत पडलीय. डिप्रेशन हा खरा आजार आहे, औषधं लागतात, दादाला लागली. पण खाण बंद होणं हा काही दादाच्या मेंदूतला बिघाड नव्हता. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसं अशी गेली, सरकारी नोंदीप्रमाणे, आणि त्यातली चौथ्या हिश्श्याहून जास्त रोजंदारीवर जगणारी होती. कारणांमध्ये सगळ्यात वर घरगुती कलह, जवळजवळ ३२ टक्के, मग आजारपण. दर दहातले सात पुरुष. पुरुषांबद्दल मला नेहमी वाटतं की आपण त्यांना दोनच जागा दिल्यात, एक चिडायला आणि एक प्यायला. आमच्याकडे तर बार कोपऱ्याकोपऱ्यावर, संध्याकाळी मन मोकळं करायला तिथेच जायचं, आणि दारू त्या वेळेपुरती हलकं करते आणि नंतर ती झापडं अजून आवळते, शिवाय जे भान राखून माणूस थांबला असता ते भानच घालवते. बायका निदान विहिरीवर, देवळात, बसस्टॉपवर एकमेकींजवळ बोलतात. तेही आता कमी झालंय म्हणा.

आणि कधीच एक कारण नसतं. पेपरात "परीक्षेत नापास झाल्याने" असं एका ओळीत येतं. नापास तर वर्गातली दहा मुलं झालेली असतात.

मग करायचं काय, तर जे करायचं ते फार मोठं नाहीये, यानेच मला खूप धीर आला. जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास होता, पाच देशांतला, त्यात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ माणसांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांशी त्याशिवाय तासभर नीट बोलले, आणि पुढचं दीड वर्ष ठरावीक अंतराने फोन किंवा घरी भेट, एकूण नऊ वेळा, फक्त कसे आहात, काय चाललंय, काही लागतंय का. दीड वर्षाने पाहिलं तर पहिल्या गटातले २.२ टक्के लोक असेच गेले होते, दुसऱ्या गटातले ०.२ टक्के. नऊ वेळा विचारपूस!

आणि गोव्यातलं तर आपल्यालाच ठाऊक नसतं. पर्वरीची संगत ही संस्था १९९६ पासून आहे, त्यांनी इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या साध्या माणसांना काही आठवडे शिकवून समुपदेशक केलं. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर त्याचा अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. आठवड्याला एकदा अर्धा-पाऊण तास, सहा ते आठ वेळा, आपल्याच बोलीत, आणि गाभा इतकाच की ज्या छोट्या गोष्टी माणसाने सोडून दिल्यात त्यातली एक उचलून पुन्हा करायला लावायची. मन लागेल तेव्हा करीन म्हणू नका, आधी करा, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ३९ टक्के. दादाच्या बाबतीत ती छोटी गोष्ट म्हणजे ट्रकवरची वेल. वहिनीने एक दिवस कोयता हातात दिला आणि म्हणाली निदान ती वेल तरी काढा. दोन तास लागले त्याला, घामाने निथळला, आणि त्या रात्री जेवला. तिने हा कुठला अभ्यास वाचला नव्हता.

गोव्यात कूज नावाची संस्थाही आहे, आत्महत्या रोखण्यासाठीच काम करते. पण फोन नंबर पाठ असणं वेगळं आणि समोर बसणं वेगळं. समोर बसाल तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नका. "तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत" म्हणू नका, "मुलांकडे बघ" म्हणू नका, तो मुलांकडेच बघून झुरतोय. शपथा घालू नका, आईची शपथ घातली की तो बोलायचा बंद होतो, एवढंच. कोणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका, ते पाळता येत नाही आणि पाळूही नये. एकट्याला सोडू नका, धोक्याच्या वस्तू हाताशी राहू देऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. हे दुसऱ्या दिवशीचं सगळ्यात अवघड आहे, कारण पहिल्या दिवशी सगळेच येतात.

जे मागे उरतात त्यांच्याबद्दलही हेच. त्या मुलाच्या आईकडे आता दोन वर्षांनी कोणी जात नाही. लोकांना वाटतं काय बोलायचं, जखम कशाला उकरायची. तिला रागही येतो त्याचा, ते तिने मला एकदा सांगितलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं येऊ दे राग, जीव लावलाय म्हणून येतो. मी आदल्या आठवड्यात त्याला विचारलं असतं तर, असं ती शंभर वेळा म्हणते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी दादाला विचारलं ते मला कळत होतं म्हणून नाही, त्या संध्याकाळी मी योगायोगाने तिथे होते, म्हणून. हेही मी तिला सांगितलं. तिने नुसती मान हलवली.

मी गुरुवारी संध्याकाळी शाळेतून येताना तिच्याकडे थांबते. आम्ही तो कसा गेला यावर बोलत नाही, तो कसा होता यावर बोलतो. गेल्या गुरुवारी आम्ही सोप्यावर बसलेलो, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत आला, आणि ती एकदम म्हणाली, लहान असताना तो पोदेरकडून काकणंच मागायचा, पाव नाही, आणि दोन्ही हातांत बांगड्यांसारखी घालून वाडाभर फिरायचा, तुला आठवतं का गे? मला आठवत होतं. आमच्या अंगणात येऊन एक काकण त्याने आमच्या कुत्र्याच्या कानात अडकवलं होतं. हे तिला ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, हसली, मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, अजून सांग.